रमजान दरवर्षी सरकतो का? आणि लिफ्टमध्ये न मावणारे इतर प्रश्न

खाडीकाठची

परवा लिफ्टमध्ये आमच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "तुमचा रमजान यंदा फेब्रुवारीतच कसा गं आला? मागे तर ऐन उन्हाळ्यात असायचा." चार मजले उतरेपर्यंत माझं 'चांद्र वर्ष' एवढंच म्हणून झालं. त्यांना भाजी घ्यायची होती, मला रिक्षा पकडायची होती. पंधरा वर्षं शेजार आहे, ईदचा शिरखुर्मा तिकडे जातो, दिवाळीच्या चकल्या इकडे येतात, पण हा विषय आमच्यात कधी निघालाच नव्हता. म्हणून हा धागा.

आधीच सांगते, मी कुणी आलिम, म्हणजे धर्मपंडित, नाही. माहेर वाशिष्ठीच्या खाडीकाठचं, कोकणी मुसलमान. सासर नगरचं. माहेरचे शाफई, सासरचे हनफी. सुन्नी मुसलमानांत हनफी, मालिकी, शाफई आणि हंबली असे चार मजहब, म्हणजे धर्मशास्त्राच्या चार परंपरा आहेत. देशात बहुसंख्य हनफी. कोकणपट्टीत, भटकळला, केरळात मात्र शाफई, कारण तिथे इस्लाम अरबी व्यापाऱ्यांबरोबर समुद्रावरून आला. लग्नानंतर एकेका गोष्टीच्या दोन-दोन रीती दिसायला लागल्या, आणि मुळातलं कुठलं नि वरचं कुठलं हे मला त्यातूनच कळत गेलं.

काकूंचा प्रश्न आधी. हिजरी, म्हणजे मुसलमानी कालगणनेचं, वर्ष निव्वळ चंद्रावर चालतं, ३५४ किंवा ३५५ दिवसांचं. इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवस कमी. आपल्या पंचांगातही महिने चंद्राचेच, पण साचलेली तूट अधिक महिना घालून भरून काढतात, म्हणून दिवाळी आश्विन-कार्तिक सोडून जात नाही. अरबांतही इस्लामपूर्व काळात महिने मागेपुढे सरकवायची रीत होती. कुराणाने ती बंद केली. तेव्हापासून रमजान सगळे ऋतू फिरून साधारण ३३ वर्षांनी जागेवर येतो. माझ्या आईने लग्नानंतरचे पहिले रोजे १९८३च्या जूनमध्ये धरले, मृगाच्या पावसात, चुलीतली लाकडं ओली. २०१६ला रमजान पुन्हा जूनमध्ये आला तेव्हा ती म्हणाली, "चला, माझी एक फेरी झाली." २०३० साली तर जानेवारीत एक आणि डिसेंबरअखेर दुसरा असे दोन रमजान सुरू होतील.

आता गाभा. श्रद्धेच्या सहा गोष्टी मानतात: अल्लाह एक आहे, त्याचे फरिश्ते, त्याने पाठवलेले ग्रंथ, त्याचे प्रेषित, कयामतचा दिवस आणि तकदीर. यातली पहिली सगळ्यात जड. कुराणातली ११२वी सूरा (अध्याय) चारच ओळींची आहे, आम्हाला पाळण्यातच पाठ होते. आशय असा की अल्लाह एक आहे, त्याला कुणाची गरज नाही, त्याने कुणाला जन्म दिला नाही, कुणी त्याला जन्म दिला नाही, त्याच्या तोडीचं कुणी नाही. बाकी सगळं या चार ओळींना टांगलेलं आहे. मूर्ती नाही, चित्र नाही, प्रेषितांचंही नाही. प्रेषित मुहम्मद (स.) हे माणूसच, अल्लाहचे अखेरचे प्रेषित. त्यांच्याआधी आदमपासून इब्राहिम, मूसा, ईसा असे कितीतरी होऊन गेले. ईसा म्हणजे येशू. त्याच्या आईच्या, मरियमच्या नावाची एक अख्खी सूरा कुराणात आहे, हे सांगितलं की माझ्या वसईच्या मैत्रिणीलाही नवल वाटतं.

मक्केजवळच्या हिरा गुहेत इ.स. ६१० साली प्रेषितांना पहिला संदेश आला तो 'इक्रा', म्हणजे 'वाच'. पुढे २३ वर्षं थोडं थोडं करून कुराण उतरलं. ११४ सूरा. वाचनाच्या सोयीसाठी ३० पारे, म्हणजे रोज एक पारा वाचला की रमजानमध्ये कुराण पुरं. ६२२ला प्रेषित मक्का सोडून मदिनेला गेले. ती हिजरत, तिथून हिजरी सन. ६३२ला मदिनेतच त्यांचं निधन झालं.

आचरणाचे खांब पाच: कलमा, नमाज, रोजा, जकात (सक्तीचं दान), हज. कलमा म्हणजे 'अल्लाहशिवाय कुणी उपास्य नाही आणि मुहम्मद त्याचे प्रेषित आहेत' ही साक्ष. ती मनापासून दिली की माणूस मुसलमान. दीक्षाविधी नाही, पुरोहित नाही.

नमाज पाच वेळा: फज्र, जुहर, असर, मगरिब, इशा. फर्ज, म्हणजे सक्तीच्या, रकातींची बेरीज १७. रकात म्हणजे एक आवर्तन. उभं राहून फातिहा (कुराणातली पहिली सूरा) आणि आणखी काही आयती, म्हणजे कुराणातली वचनं, म्हणायच्या, मग रुकूत कमरेतून वाकायचं, मग दोन सजदे. सजद्यात कपाळ-नाक, दोन्ही तळहात, दोन्ही गुडघे आणि दोन्ही पायांची बोटं अशा सात ठिकाणी अंग जमिनीला टेकतं. त्याआधी वजू: हात, चूळ, नाक, तोंड, कोपरापर्यंत हात, डोक्यावरून ओला हात, शेवटी घोट्यापर्यंत पाय. मे महिन्यात आमची विहीर तळाला जायची तेव्हा आजी एका तांब्यात वजू करायची आणि उरलेलं पाणी जास्वंदीला घालायची. पाणी मिळालंच नाही तर स्वच्छ मातीवर हात मारून तयम्मुम करतात.

सासरी पहिल्या पहाटेची गंमत सांगते. फज्रच्या दुसऱ्या रकातीत रुकूतून उठल्यावर शाफई उभ्यानेच हात उचलून दुआ मागतात, तिला कुनूत म्हणतात. हनफी ती दुआ वित्रमध्ये, म्हणजे इशानंतरच्या रात्रीच्या नमाजमध्ये, म्हणतात. सासूबाई मागून बघत होत्या. सलाम फेरून नमाज संपल्यावर अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "बेटा, तू बीचमें भूल गई थी क्या?" असरचंही तसंच. सावली मूळ (भर दुपारच्या) छायेपेक्षा वस्तूच्या एकपट वाढली की आमची असर लागते, त्यांची दुप्पट झाल्यावर. पाऊण-एक तासाचा फरक पडतो. त्यामुळे आमच्याकडे चहा दोनदा होतो.

रोजा म्हणजे पहाटेची पहिली रेघ फुटल्यापासून सूर्य बुडेपर्यंत अन्न, पाणी आणि शरीरसंबंध बंद. त्या आधीचं खाणं ते सहरी, सोडायचा तो इफ्तार. आजारी, प्रवासी, गरोदर, अंगावर पाजणाऱ्या बायका यांना सवलत आहे. पाळीत रोजा धरायचाच नाही. त्या दिवसांची नमाज कायमची माफ, रोजे मात्र नंतर मोजून भरायचे. म्हणून घरोघरी बायकांच्या कॅलेंडरवर ईदनंतर बारीक टिंबं दिसतात.

जकातीवर खरं तर वेगळा धागा काढायला हवा. हजचं विचाराल तर सांगेन. आधी हे बघा वाचवतंय का.

अळूचं_फदफदं

वाचवतंय! पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

एक कबुली. आमच्या वाड्यामागे मशीद होती. दहा-बारा वर्षांचा होईपर्यंत माझी पक्की समजूत होती की बांगेत अकबर बादशहाचं नाव घेतात. इतिहासाच्या बाईंना वर्गात विचारलंही. बाई हसल्या, पण उत्तर त्यांनाही माहीत नव्हतं. खरा अर्थ काय?

खाडीकाठची

@अळूचं_फदफदं, तुम्ही एकटे नाही, हा प्रश्न मला ऑफिसात तीनदा आलाय. 'अकबर' म्हणजे सगळ्यात मोठा. 'कबीर' म्हणजे मोठा, त्याचंच पुढचं रूप. अल्लाह सर्वांत मोठा आहे, त्याच्याशिवाय कुणी उपास्य नाही अशी साक्ष देतो, मुहम्मद त्याचे प्रेषित आहेत अशी साक्ष देतो, नमाजकडे या, कल्याणाकडे या, एवढीच बांग. पहाटेच्या बांगेत एक वाक्य जास्त असतं: नमाज झोपेपेक्षा बरी. थंडीच्या दिवसांत हे वाक्य माझ्या मुलाला अजिबात पटत नाही.

मोडीवाचक

अवांतर, पण राहवत नाही. पेशवेकालीन पत्रं चाळलीत तर तारखा 'छ अमुक रमजान', 'छ अमुक जिल्काद' अशा दिसतील. 'छ' म्हणजे चंद्र, म्हणजे हिजरी महिन्याची तारीख. वर्ष मात्र शुहूर सनाचं असे. आकडे अरबी शब्दांत, पण वर्ष सौर, मृगाला बदलणारं. शेतसारा पिकावर गोळा होतो आणि सरकणारं चांद्र वर्ष पिकाला जुळत नाही, म्हणून ही सोय. काकूंना पडलेला प्रश्न महसूल खात्याला सात शतकांपूर्वीच पडला होता म्हणा ना.

तारीख, हिशेब, वारस, हक्क, इमान, नियत हे शब्दही तिकडचेच. धागाकर्तीने नियतबद्दल लिहिलं नाही याचं आश्चर्य वाटलं.

खाडीकाठची

@मोडीवाचक, बरोबर पकडलंत. नियत नसेल तर दिवसभर उपाशी राहिलं तरी तो रोजा नाही, नुसती उपासमार. हदीस म्हणजे प्रेषितांच्या उक्ती-कृतींच्या नोंदी; त्यांच्या प्रसिद्ध संग्रहाची सुरुवातच 'कर्मं नियतीवर ठरतात' या हदीसने होते. इथे नियती म्हणजे दैव नव्हे, नियत, हेतू. शाफई मतात फर्ज रोजाची नियत रोजच्या रोज, पहाटेआधी करावी लागते. हनफींना रमजानच्या रोजाला दुपारच्या अलीकडेपर्यंत मुभा आहे. झोपेतून सहरीला उठायचं राहिलं तर आमच्यात पंचाईत, म्हणून आई रात्री तरावीहनंतरच (रमजानमधली रात्रीची जादा नमाज) सगळ्यांकडून म्हणवून घ्यायची.

गोगलगाय

बाळबोध प्रश्न, राग मानू नका. थुंकी गिळली तर रोजा तुटतो का? आणि चुकून खाल्लं तर? आमच्या ऑफिसातला एक जण दिवसभर बेसिनवर थुंकायला जातो.

खाडीकाठची

थुंकी गिळली तर काही होत नाही. त्या बिचाऱ्याला सांगा. विसरून खाल्लं-प्यायलं तरी तुटत नाही, आठवल्याक्षणी थांबायचं. हदीसमध्ये म्हटलंय की त्याला अल्लाहनेच खाऊ-पिऊ घातलं. आम्ही भावंडं लहानपणी ही सवलत फार वापरायचो. माझा धाकटा भाऊ दिवसातून तीनदा विसरायचा, आणि नेमका आंब्याच्या अढीजवळ.

कायमच्या आजारात फिद्या असतो, म्हणजे प्रत्येक रोजामागे एका गरिबाचं जेवण. अब्बांना इन्सुलिन सुरू झाल्यावर डॉक्टरांनी रोजे बंद केले. पहिल्या वर्षी ते फार चिडले होते. मग मशिदीतल्या इमामसाहेबांनी घरी येऊन समजावलं की सवलतही त्यानेच दिलीय, ती नाकारणं ही कसली भक्ती.

प्रश्नचिन्ह

लेख गोड आहे, पण दोन शंका. एक, मूर्ती नाही म्हणता आणि मक्केतल्या काब्याभोवती फिरता, काळ्या दगडाचं चुंबन घेता, मग ते काय? दोन, तलाकचं काय? मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाई तुमच्याच भागातले. त्यांच्याबद्दल अवाक्षर नाही.

खाडीकाठची

पहिलं. काबा ही दिशा आहे. मदिनेत सुरुवातीला जेरुसलेमकडे तोंड करून नमाज होत असे, हिजरतीनंतर दीडेक वर्षाने किब्ला, म्हणजे नमाजची दिशा, मक्केकडे वळला. आपल्याकडून ती दिशा पश्चिमेची, किंचित उत्तरेला कललेली. काळ्या दगडाबद्दल दुसरे खलिफा उमर यांचं बोलणं हदीसमध्ये आलंय, आशय असा: तू नुसता दगड आहेस, ना नफा करशील ना नुकसान, प्रेषितांना तुझं चुंबन घेताना पाहिलं नसतं तर मीही घेतलं नसतं. यापेक्षा स्पष्ट मला लिहिता येणार नाही.

दुसरं. निकाह हा करार आहे. दोन साक्षीदार, दोघांचा कबूल, आणि नवऱ्याने बायकोला द्यायचा मेहर. तो तिचा, तिच्या बापाचा नाही. करार म्हटल्यावर तो मोडायची तरतूद आलीच. एका दमात तीनदा म्हणून मोडायची रीत सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०१७मध्ये रद्द ठरवली, २०१९ला कायदा झाला. दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ला सात मुसलमान बायकांचा मोर्चा सचिवालयावर नेला होता. सात! आमच्या घरात त्यांच्याबद्दल दोन मतं होती, अब्बांचं एक, आजीचं एक. आजी मोर्चाच्या बाजूने होती. तिच्या बहिणीला पोस्टकार्डावर तलाक आला होता. यापुढे या धाग्यावर मी त्यात शिरणार नाही. वेगळा धागा काढा, येईन.

प्रश्नचिन्ह

पोस्टकार्डाचं वाचून गप्प बसलो. धागा काढतो.

सांजवात

आमच्या नगरला मोहरमला सवाऱ्या निघतात, आजी नवस बोलायची. माहीमच्या दर्ग्याला तर पोलिसांची चादर जाते. हे सगळं इस्लाममध्ये बसतं का?

खाडीकाठची

@सांजवात, याचं उत्तर कुणाला विचारता यावर अवलंबून आहे! मोहरम हिजरी वर्षाचा पहिला महिना. त्याच्या १० तारखेला, इ.स. ६८०मध्ये, करबलाला प्रेषितांचे नातू हुसैन मारले गेले. शिया लोकांसाठी तो वर्षातला सगळ्यात मोठा दुखवटा. 'मोहरमच्या शुभेच्छा' पाठवणाऱ्यांनी कृपया नोंद घ्यावी. महाराष्ट्रात ताबूत उचलणाऱ्यांत हिंदू भरपूर, कडेगावचे उंच ताबूत बघायला कुठून कुठून लोक येतात. हा सगळा लोकांनी वाढवलेला भाग.

दर्ग्यांवरून सुन्नींमध्येच जुंपते. एक पक्ष म्हणतो औलियांच्या कबरीपाशी दुआ मागण्यात गैर काय, दुसरा म्हणतो मागायचं ते थेट अल्लाहकडे. मी दोघांचंही ऐकते आणि माहीमला जाते. त्याला कारण आहे. तिथले मखदूम अली माहिमी हे इथलेच, चौदाव्या-पंधराव्या शतकातले, शाफई, आणि त्यांनी अरबीत कुराणावर भाष्य लिहिलं. लोक नवसाला जातात. मी एका भाष्यकाराला सलाम करायला जाते. माहीमच्या बेटावर बसून, कंदिलाच्या उजेडात, त्या काळी!

नगरकर_सध्या_पुण्यात

भाष्यावरून आठवलं, विनोबाही कुराणासाठी अरबी शिकले होते आणि निवडक आयतींचं संकलन केलं होतं. असो. जकातीचं अर्धवट सोडलंत. हिशेब सांगा राव, सीए माणूस आहे मी.

खाडीकाठची

घ्या. गरजेपुरतं वगळून जी शिल्लक एका ठरावीक पातळीच्या वर आहे आणि वर पूर्ण चांद्र वर्ष टिकली आहे, तिचा चाळिसावा भाग, म्हणजे अडीच टक्के. पातळीला निसाब म्हणतात: साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन तोळे चांदी. राहतं घर, वापरती गाडी, भांडीकुंडी धरत नाहीत. समजा बँकेत २,१०,००० आहेत, पोस्टात ५०,००० आणि परत येण्याची खात्री असलेले २०,००० भावाला उसने दिलेत. एकूण २,८०,०००, जकात ७,०००. पिकाचा हिशेब वेगळा. पावसावर आलेल्या पिकाचा दहावा भाग, पाणी देऊन काढलेल्याचा विसावा. म्हणजे मोटर चालवायचा खर्चही धरलाय बघा.

घ्यायचा हक्क कुणाला तेही कुराणात ठरलंय, आठ प्रकार: गरीब, अगदी नडलेले, कर्जात बुडालेले, वाटेत अडकलेला प्रवासी वगैरे. आईबापांना आणि पोटच्या मुलांना देता येत नाही, त्यांना पोसणं हे कर्तव्यच आहे, त्यात जकात कसली.

आता भांडणाचा मुद्दा: दागिने. शाफई मतात बायकांच्या नेहमीच्या वापरातल्या दागिन्यांवर जकात नाही. हनफी मतात आहे. माझ्या पाटल्या माहेरी करमुक्त, सासरी करपात्र! पहिली दोन वर्षं मी वाद घातला. मग सासूबाईंनी तिजोरीतून त्यांची वही काढली, रेघोट्या मारलेली, १९९१पासूनची. दरवर्षीचा सोन्याचा भाव, वजन, रक्कम, कुणाला दिली त्यासमोर नाव नाही, नुसतं 'दिया'. नाव का नाही विचारलं तर म्हणाल्या, नाव लिहिलं की त्या बाईला पुढे बघताना ते आठवतं. त्या वर्षापासून मी पाटल्यांची जकात देते. माझ्या मजहबात ती लागत नाही तरी.

नगरकर_सध्या_पुण्यात

बिनानावाची खातेवही. ऑडिटला काय सांगणार? :) सुंदर.

फितरा म्हणजे हीच का?

खाडीकाठची

नाही. फितरा ईदच्या नमाजआधी द्यायचा, घरातल्या प्रत्येक डोईमागे, अगदी तान्ह्या बाळाचाही. गरिबाच्या घरी ईदच्या दिवशी चूल पेटावी म्हणून. शाफई मतात जे तुमचं रोजचं धान्य ते द्यायचं, एक साअ, साधारण अडीच-तीन किलो. म्हणून कोकणात तांदूळ. आम्ही पोरं शेवटच्या रोजाच्या संध्याकाळी पिशव्या घेऊन वाडीत पोचवायला जायचो आणि आई बजावायची, "जो आपण खातो तोच भर. कणी भरायची नाही."

हजचं थोडक्यात, कारण मी अजून गेले नाही. ऐपत आणि तब्येत असेल तर आयुष्यात एकदा. जिल्हज महिन्याच्या ८ ते १२-१३ तारखांना. पुरुषांना न शिवलेली दोन वस्त्रं, काब्याभोवती सात फेऱ्या, सफा-मरवा टेकड्यांमध्ये सात खेपा, ९ तारखेला अरफातचं मैदान. तिथलं थांबणं चुकलं तर हज झालाच नाही. त्या सात खेपा हाजरा या आईच्या आठवणीच्या, तान्ह्या इस्माईलसाठी पाणी शोधत ती धावली होती. जगभरचे पुरुष एका बाईच्या पावलांवर धावतात, हे मला फार आवडतं. आमचे नाना मुंबईहून बोटीने गेले होते. ती बोटींची हज १९९५ला थांबली. येताना त्यांनी जमजमच्या पाण्यात भिजवून वाळवलेलं स्वतःचं कफन आणलं होतं. ट्रंकेत तळाशी ठेवलेलं. त्यानंतर वीस वर्षं जगले, आणि दर उन्हाळ्यात आजी ते कपड्यांबरोबर उन्हात टाकायची.

गोगलगाय

शेवटचा प्रश्न. शेजाऱ्यांनी शनिवारी इफ्तारला बोलावलंय. मुसलमान नसलो तरी चालतं ना? काय न्यावं? खजूर?

खाडीकाठची

बोलावलंय म्हणजे चालतंच. बांगेच्या पाच मिनिटं आधी पोचा, नंतर नको. शेवटची पाच मिनिटं सगळे ताटासमोर गप्प बसून दुआ मागत असतात, तेव्हा बेल वाजली की कुणाला तरी उठावं लागतं. पहिला घास झाला की लोक मगरिबला उठतील, त्या दहा मिनिटांत भजी तुमच्या ताब्यात.

आणि खजूर नका नेऊ. रमजानमध्ये प्रत्येक घरात तीन-चार किलो पडलेला असतो. कलिंगड न्या.